कलंडणाऱ्या घागरी

रुद्राणीनं तारेचं कडं पकडीनं सैल केलं, आडव्या सळईवर नखभर डावीकडं सरकवलं आणि हात काढून घेतला. सळई डुगडुगली, कलली, मग सावरली. दोन्ही टोकांच्या पत्र्याच्या घागरी वाऱ्यासरशी फिरू लागल्या. फिरता फिरता कलंडून पुन्हा उभ्या राहू लागल्या.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अहमदपुरात शिकवणारं होतं तरी कोण? ती शाळेत चित्रकलेची तात्पुरती शिक्षिका. हलणारी शिल्पं तिनं एका जुन्या मासिकात पाहिली होती. आधी ती वरून खाली बांधत जायची आणि सगळं एका अंगाला झुकून पडायचं. पुष्कळ मोडून झाल्यावर कळलं, सुरुवात सगळ्यांत खालच्या सळईपासून करायची. तिचा तोल सापडला की मगच वरची.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, आणि शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. दारात काहीतरी शोभेचं करा, असं संस्थेचे अध्यक्ष ईश्वरप्पा यांनीच तिला सांगितलं होतं. आता ते दारात कमरेवर हात ठेवून वर टांगलेल्या घागरींकडं पाहत होते.

"बाई, ह्या घागरी कलंडल्या की आतलं दिसायलंय."

"आत काहीच न्हाई, साहेब."

"तेच म्हणतो. सरळ करून वेल्डिंग मारा. भरल्यावानी वाटू द्या."

"मग त्या हलणार न्हाईत."

"न्हाई हलल्या तर काय बिघडलं?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला कायम करायचं माझ्याच हाती हाय."

रुद्राणीनं शिडी लावली. ईश्वरप्पा समाधानानं मंडपाकडं वळले. तिनं वर चढून आकडाच सोडवला, सळया एकीवर एक दुमडल्या आणि सगळं खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडली.

समोरच तिच्या वडिलांचं, संगप्पांचं, लोखंडाचं दुकान होतं. ते अनवाणीच धावत आले.

"काय करायलीस पोरी? नोकरी जाईल."

"जाऊ द्या, अप्पा."

"त्या माणसाशी वैर धरून गावात राहायचं कसं?"

"टँकर थांबतो तिथं चालले. शिडी आणता का?"

ते पुटपुटत राहिले, पण शिडी घेऊन मागोमाग आले.

टँकर अजून आला नव्हता. लिंबाखाली बाया भांडी मांडून बसल्या होत्या. त्यांतल्या साखराबाईनं मान वर करून त्या पत्र्याच्या घागरी पाहिल्या, आणि फिसकन हसली.

"आमच्याच की गं ह्या!"

रुद्राणी आतल्या फांदीकडं निघाली, तशी संगप्पांनी शिडी धरून ठेवली.

"तिथं न्हाई." ते रस्त्याकडं पाहत होते. "ह्या फांदीला बांध. लातूरहून येणारी मंत्र्याची गाडी इथूनच वळती."

त्यांनी शिडी बुंध्याला टेकवली आणि खालच्या पायरीवर आपला पाय घट्ट रोवला.