भट्टीच्या भिंतीआडचा वसंत

माझ्या सासऱ्यांनी अंगणात ते बुटके, काटेरी झाड शोभेसाठी लावले. माझ्या यजमानांनी वसंतात त्याचे कोवळे कोंब खुडून भाजी करायला मला शिकवले. माझ्या चिरंजीवांनी स्कूटरला जागा हवी म्हणून ते तोडण्याचा बेत केला, आणि मी हयात आहे तोवर तो बेतच राहील. या तिघांनंतरची माझी नात, रोपवाटिकेत काम करणारी, या हकिकतीची नायिका आहे.

त्या वर्षी थंडी सरली नव्हती, झाडे उघडीबोडकी होती, आणि पाववाल्याच्या भट्टीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीपुढे पहाटेपासून रांग लागे. आत एक बाबा उतरले होते. रुग्णाने हात लावलेली सुकी काठी ते मंत्र पुटपुटत ओल्या वाळूच्या कुंडीत रोवत. आठ-दहा दिवसांत तिला हिरवा कोंब फुटे. काठी फुटली की रोग गेला. न फुटली तर श्रद्धेत खोट. कोंब बाबा स्वतः खुडून घेत, नदीत सोडायला. "विज्ञान थकतं तिथून माझी काठी चालू लागते," असे ते सांगत. चालणारी काठी कुंडीत रोवावी का लागते, हे कोणी विचारले नाही.

आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंची काठी काही फुटेना. काचबिंदूचे थेंब घालता हीच तुमची अश्रद्धा, असे बाबांनी सांगताच त्यांनी बाटली कपाटात कोंडली. थेंब चुकले तर गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी रागावले, तर म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला सुई दिसते. तुम्हाला बोलायला काय जातं?"

नात त्यांच्यासोबत जाऊन काठी पाहून आली. "आजी, फांदी आपल्याच झाडाची आहे. कुंपणाबाहेरच्या सगळ्या कापून नेल्यात." चमत्कार मला पटला नव्हता, चोरी तत्काळ पटली.

नातीने दोन फांद्या कापल्या. एकीवरच्या, कोंब फुटतात त्या गाठी चाकूने खरवडल्या, दुसरीच्या राखल्या, आणि दोन्ही पाववाल्याच्या भट्टीशेजारी पाण्याच्या डब्यात उभ्या केल्या. मंत्राच्या जागी पाववाल्याच्या शिव्या होत्या. नवव्या दिवशी गाठीवाली फांदी तरारून फुटली.

तो डबा तिने भर रांगेपुढे ठेवला. झाड मेलेले नसते, थंडीत झोपलेले असते. भट्टीची ऊब लागली की वसंत आला समजून जागे होते, आणि जिच्या गाठीच काढल्या ती फांदी फुटणार कुठून, हे तिने शांतपणे सांगितले. मग शिंपीणबाईंची काठी बाबांच्या कुंडीतून उपसली आणि धुऊन त्यांच्या हाती दिली. टाके चाचपण्यात आयुष्य गेलेली ती बोटे एका जागी थांबली.

"इथलं कुणीतरी उसवलंय," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले, ती दैवी छाटणी. तेवढ्यात आतून तळणीचा वास आला. मी जाऊन झाकण उघडले. भक्तांचे कोंब नदीऐवजी कढईत पोहोचले होते. एक चाखला आणि सर्वांदेखत सांगितले, "मीठ कमी आहे." रांग हसली, आणि हसलेली रांग पुन्हा हात जोडत नाही. बाबा दुपारीच चालते झाले. काठी मागे राहिली.

चमत्कार दिसला तर अवश्य पाहावा. परंतु नमस्कार करण्याआधी भिंतीच्या पलीकडे काय तापते आहे तेही पाहावे. एवढी विनंती वयाच्या अधिकाराने करते.

शिंपीणबाईंनी कपाट उघडले, पण हातातल्या बाटलीचा पहिलाच थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला. तरुणपणी मी विषमज्वराने पडले असता, एकवीस दिवस याच हातांनी मला औषध पाजले होते. मी बाटली काढून घेतली. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब मी घातले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, उरलेली नजर शाबूत आहे.

"फिटलं हो वहिनी," त्या म्हणाल्या, आणि सुईचे भोक बोटाने चाचपून दोरा स्वतः ओवला.