धड्याबाहेरचे शब्द

तबस्सुम मॅडमना नव्याची भारी हौस. जळकोटला हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कुलात त्या इंग्रजी शिकवायच्या, आणि तुळजापूरहून एसटीनं जा-ये करायच्या. शाळेला मिळालेला मोठा टीव्ही हेडसरांनी चादर घालून झाकून ठेवला होता. वापरला तर बिघडेल, ही त्यांची काळजी. मॅडमनी आल्या वर्षीच ती चादर ओढून काढली. मग त्यावर चित्रं आली, प्रश्नमंजूषा आल्या, पोरं खूश झाली. स्टाफरूममधली मंडळी मात्र विचारायची, मॅडम, छडी मारायचं ॲप कधी आणताय? मॅडम हसायच्या आणि पुढचं काहीतरी शोधायला लागायच्या.

त्यातच त्यांना ते वाचनाचं ॲप सापडलं. पोरानं घरच्या फोनवर धडा उघडायचा आणि मोठ्यानं वाचायचा. ॲप ऐकणार, चुकलेले शब्द मोजणार आणि शंभरपैकी मार्क देणार. बाईंना पाठवायला खाली तयार शेरे होते, ते नुसते दाबायचे. ज्याला ऐकायचंच असेल त्याच्यासाठी कोपऱ्यात कानाचं चित्र होतं. पण साठ पोरांनी वाचलेला तोच धडा साठ वेळा कोण ऐकत बसणार? सुरुवातीचे काही दिवस मॅडमनी कानावर बोट ठेवून पाहिलं, मग सोडून दिलं. मार्क बरोबरच यायचे.

नववीतली महेश्वरी त्यांची आवडती. वाचायला उभी राहिली की न अडखळता पान संपवायची, आणि बसताना ओढणीनं तोंड पुसायची, जणू धावून आलीय. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न नववीतच उरकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा सुटल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी थांबली आणि खालमानेनं म्हणाली की घरी पाहुणे येऊन गेलेत, अक्कलकोटकडचे. आप्पांना स्थळ पसंत आहे.

अशा कितीतरी पोरी हजेरीतून गळताना मॅडमनी पाहिल्या होत्या, आणि दर वेळी कळायचं ते सगळं उरकल्यावर. पण महेश्वरीचं लग्नाचं कायद्याचं वय व्हायला आणखी चार वर्षं होती. तारीख आधी समजली तर लग्न थांबवता येतं, हेल्पलाइन आहे, माणसं येतात, हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं.

"फक्त तारीख कळव मला," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

"फोन आप्पांपाशी असतो, मॅडम. अभ्यासाला देतात, पन जवळ बसून असतात."

"कसंही कळव. मी येणार म्हणजे येणार."

पोरीनं मान हलवली. तिनं तो शब्द खरा धरला. पोरी धरतात, आणि आपण देऊन बसतो.

सुट्टी लागली. मॅडमनी ॲपवर सुट्टीचा अभ्यास टाकला, एका म्हाताऱ्या माळ्याचा धडा. आणि नेमकं तेव्हाच तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणाचं पत्र आलं. शाळा उघडल्यावर तुळजापुरात सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर त्यांनी हे ॲप दाखवायचं होतं. हेडसरांनी स्वतः फोन करून सांगितलं की शाळेची इज्जत तुमच्या हातात आहे. आता मॅडमना दुसरं काही सुचेना. आलेख, चित्रं, रंग, सगळं लॅपटॉपवर मांडत बसल्या. महेश्वरीची आठवण यायची नाही असं नाही. यायची, आणि त्या मनाशी म्हणायच्या, तिचा फोन नाही म्हणजे अजून काही ठरलेलं नसणार.

एका दुपारी तिचं वाचन आलं. मार्क पडले होते चव्वेचाळीस. मॅडम चमकल्या. ही पोर नव्वदच्या खाली कधी आली नव्हती. खाली ॲपनं लाल अक्षरांत कारण दिलं होतं: धड्याबाहेरचे शब्द वाचले. त्यांचं बोट कानाच्या चित्राकडे गेलंही. पण समोर अर्धवट आलेख पडला होता, घरात पाहुणे होते, आणि पोरीचं घरच्या कटकटीत लक्ष लागत नसेल हे तर उघडच होतं. त्यांनी तयार शेरा दाबला. 'धड्यात नाही ते वाचू नये. पुन्हा वाचा.'

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाचलं. अठ्ठ्याण्णव. मॅडमनी पिवळी चांदणी पाठवली आणि मनापासून खूश झाल्या. चव्वेचाळीसवरून अठ्ठ्याण्णववर! आलेखाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं.

तुळशीचं लग्न झालं, शाळा उघडली. महेश्वरी पहिल्या दिवशी आली नाही. निम्मा वर्ग आला नव्हता, म्हणून मॅडमनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तर प्रशिक्षणच होतं.

प्रशिक्षणाला मास्तर लोक कसे बसतात ते सांगायला नको. मागच्या रांगेत फोन, मधल्या रांगेत डुलक्या, पुढच्या रांगेत साहेबांकडे बघून माना हलवणारे. पण तबस्सुम मॅडम बोलायला लागल्या तशी मागची मंडळीही सावरून बसली. बाई समजावून सांगायच्याच तशा. पडद्यावर तो आलेख आला, खाली घसरलेली रेघ आणि तिथून उंच गेलेली. ही माझी एक विद्यार्थिनी, त्या अभिमानानं म्हणाल्या. आधीचं वाचन ऐका, मग नंतरचं, फरक तुम्हालाच कळेल. आणि त्या वाचनासाठी त्यांनी पहिल्यांदाच कानावर बोट ठेवलं.

महेश्वरीचा आवाज हॉलभर झाला. म्हातारा माळी, त्याची झारी, त्याची गुलाबाची रोपं. वाचन स्वच्छ होतं, चूक म्हणून नव्हती. मग तिसऱ्या परिच्छेदात, त्याच सुरात, न थांबता ती वाचत गेली:

"मॅडम, माय मॅरेज इज नेक्स्ट मंडे. इन अक्कलकोट. माय फादर इज सिटिंग हिअर. ही डज नॉट नो इंग्लिश. प्लीज कम, मॅडम."

आणि लगेच पुन्हा माळी, पुन्हा झारी.

मागं कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. मॅडमना ते हसू ऐकू आलं, मग काहीच ऐकू येईना. एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. कर्ता, क्रियापद, सगळं त्यांनीच फळ्यावर लिहून घोकून घेतलेलं. सोमवार होऊन गेला होता. साहेबांनी विचारलं, मॅडम, हे काय आहे? लॅपटॉप तसाच उघडा टाकून त्या बाहेर आल्या आणि व्हरांड्यात उभं राहून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मुलीचं नाव, गाव, वय सगळं लिहून घेतलं आणि लग्न कधी आहे ते विचारलं. झालं, असं मॅडमनी सांगितलं. अक्कलकोटला कळवतो, आमची माणसं जातील, बाई म्हणाल्या. म्हणजे आता पोरीच्या सासरच्या दारात पोलीस जाणार, आणि त्या दारामागं पोर एकटी असणार.

मिळाली त्या गाडीनं त्या जळकोटला उतरल्या आणि गावात चालत गेल्या. महेश्वरीच्या वडिलांच्या, महांतप्पाच्या दारात मांडवाच्या मेढी अजून उभ्या होत्या, कारण हळद इथंच लागली होती. महांतप्पा रानात गेला होता. पोरीच्या आईनं, गौराबाईनं मॅडमना ओळखलं, पदर सावरत चटई टाकली, लाडवाची ताटली पुढं केली. लेकीच्या मॅडम घरी आल्या याचं त्या माऊलीला कोण कौतुक!

"उशीर केलाव, मॅडम," ती म्हणाली. "पोरगी लई वाट बघत होती. तिच्या आप्पांनी फोन धरला, अन् फाडफाड विंग्रजी वाचलं तिनं. त्यांला बी लई बरं वाटलं. वाचून झालं तशी मला म्हनली, आई, बघ, आता आमच्या मॅडम येतेत. म्या म्हनलं, येऊ दी की, लग्नाला कुनी बी यावं. दाराकडं बघत जेवली सुदिक न्हाय."

मॅडमनी ताटली खाली ठेवली.

"मग तुमचं उत्तर आलं फोनवर. म्या इचारलं, काय म्हनत्यात मॅडम? तर म्हनली, धड्यात न्हाय ते वाचायचं न्हाय." गौराबाई हसली. "मग पुन्हा बसून वाचलं बघा, तुमी सांगितलं तसंच. अन् हळदीला गुमान येऊन बसली. एकदा बी रडली न्हाय."