उजवीकडून सुरू झालेली भिंत

रविवारी सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला. त्याच वेळी खाली पंपघराच्या भिंतीसमोर एकोणीस माणसं उभी होती.

त्यांना वस्ती दाखवत हिंडवणारे गृहस्थ म्हणजे मीटरकाका. तेहतीस वर्षं त्यांनी इथले विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून चार वर्षांपासून दर रविवारी ते लोकांना जुन्या गल्ल्या, चौक आणि भिंती दाखवतात.

पंपघराच्या भिंतीवर याच वस्तीचं चित्र आहे. उजवीकडची घरं ऐसपैस, खिडकीत वाळत घातलेले कपडे, पायरीवर मांजर. डावीकडे जाता जाता घरं अरुंद होतात आणि शेवटची तीन तर एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. खाली सही नाही. शेजारी पालिका कार्यालयाची नोटीस लावलेली: बुधवारी भिंतीला करडा रंग देण्यात येईल. चित्र राखायचं असल्यास मंगळवारी दुपारी बारापर्यंत चित्रकाराचं नाव आणि साक्षीदाराची सही कार्यालयात द्यावी. मीटरकाकांनी आठवडाभर घरोघरी विचारलं होतं. पाटी कोरीच.

“चित्रकार अज्ञात,” ते सांगत होते. “पण नजर बघा त्याची. डावीकडची दाटी बघा. गरिबांच्या घुसमटीवर मुद्दाम बोट ठेवलंय त्याने.”

दोघांनी वहीत लिहून घेतलं.

वरून कोणीतरी खळखळून हसलं. “घुसमट कसली हो! भिंत संपली त्याची!”

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिवणकाम करणाऱ्या ताई उभ्या होत्या. गळ्यात टेप, हातात तुटलेला पट्टा.

“कोणाची भिंत संपली?” मीटरकाकांनी विचारलं.

“माझ्या भावाची. डावरा होता तो. ओला रंग मनगटाने पुसला जाऊ नये म्हणून उजवीकडून सुरू करायचा. मी सांगत होते, बाबा रे, आधी माप घे. ऐकतोय कशाला! शेवटची तीन घरं कोंबली आणि मला म्हणतो, राहतील गं, घेतील सांभाळून.”

खाली हशा पिकला. वहीवाल्यांनी लिहिलेलं खोडलं.

“म्हणजे चार वर्षं मी लोकांना थापा मारल्या,” मीटरकाका म्हणाले. “एकदा तरी हाक मारायचीत, ताई!”

“मशीन चालू असलं की मला माझंच ऐकू येत नाही. माणसं माना वर करून बघताना दिसायची. वाटायचं, नाव सांगत असाल त्याचं. आणि तुम्ही तरी कधी वर आलात?”

मीटरकाकांनी जिन्याकडे पाहिलं. त्या इमारतीचे सगळे मीटर जिन्याखाली आहेत. तेहतीस वर्षांत वर जायचं कामच पडलं नव्हतं. आठवडाभर हिंडले तेही ज्या घरांत मीटर आत आहेत, त्याच घरांत.

ताईंना खाली यायला अकरा मिनिटं लागली, गुडघे दुखतात. तोवर कोणी हललं नाही. त्यांनी शेवटच्या, सगळ्यात चेपलेल्या घरावर तळवा ठेवला.

“त्याला जाऊन नऊ वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “पोचवायला आम्ही पाच जण होतो. तुम्ही दर रविवारी इतकी माणसं त्याच्यापुढे उभी करता. फार उपकार झाले, भाऊ.”

“उपकार तुमच्या पट्ट्याचे,” मीटरकाका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मंगळवारी अकरा चाळीसला अर्ज कार्यालयात पोचला. भावाचं नाव ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. कारकुनाने साक्षीदाराचं नातं विचारलं. बहीण म्हटल्यावर तो थांबला. सख्ख्या नातेवाइकाची साक्ष चालते का, हे वरिष्ठांना विचारावं लागेल, म्हणाला. तरी शिक्का मारला. ताईंनी त्याचेही आभार मानले.

बुधवारी नऊ वाजता दोन रंगारी आले. भिंतीवर चिकटवलेली अर्जाची प्रत त्यांनी उभ्या उभ्या वाचली. “कार्यालयातून फोन येऊ दे, मग बघू,” एकजण म्हणाला. डबे त्यांनी पंपघरात ठेवले.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आलेला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर नव्या पट्ट्याचं मशीन चालू होतं. रंगाऱ्यांची शिडी भिंतीला टेकवलेली आहे, उजव्या टोकाला.