आंबट किती

सुलूने उकळत्या पाण्यातून पास्त्याची एक फिरकी झाऱ्याने काढली, फुंकर मारली आणि दाताखाली तोडली. आत अजून बारीकसा कडकपणा होता.

"उतरव," ती दीपालीला म्हणाली. "थोडा कच्चाच हवा. उद्यापर्यंत सॅलडचा रस पिऊन मऊ होतो. आज पुरता शिजवला तर उद्या लगदा."

दोघींनी पातेलं चाळणीत उपडं केलं, वाफाळत्या फिरक्या परातीत पसरल्या आणि परात पंख्याखाली सरकवली.

बोईसरच्या त्या कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये सुलू चौदा वर्षं स्वयंपाक करत होती. जवळच्या पाम गावाहून सकाळी रिक्षाने यायची, चारला परत जायची. दीपाली तिथे भांडी घासायची. चाळिशीची बाई, जव्हारकडच्या पाड्यावरची. भाताची कापणी उरकली की नवऱ्याबरोबर सालवडला खोली घेऊन राहायची आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायची. हे तिचं इथलं तिसरं वर्ष.

उद्या दुपारी पुण्याहून आठ पाहुणे येणार होते आणि उद्याच सकाळपासून गॅसच्या पाइपचं काम निघालं होतं. म्हणून सुपरवायझर ललितने सांगितलं होतं, "सुलूताई, तुमचं ते इटालियन सॅलड आजच करून ठेवा. चणे-बिणे घालून पोटभरीचं करा. बरोबर ब्रेड आणि फळं देऊ." मग जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "आणि जरा लक्ष देऊन. मागच्या आठवड्यासारखं नको."

मागच्या आठवड्यात पुलावाला करपट वास लागला होता. पाहुण्यांनी पहिल्याच घासाला ताटं सारली. ललित तेव्हा ओरडला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "बाहेरून डबे मागवायचं वर साहेबांत चाललंय ताई. मी किती दिवस थांबवणार?"

खरं कारण सुलूने कुणालाच सांगितलं नव्हतं. श्रावणात ती आठ दिवस तापाने झोपून होती. उठली तेव्हा वास येईनासा झाला होता. जिभेवरही फारसं काही उरलं नव्हतं. मीठ, आंबट नुसतं टोचायचं, पण किती ते कळायचं नाही. पालघरचे डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार. तेव्हापासून ती डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करत होती. मोहरी तडतडलेली ऐकू यायची, कांदा लाल झालेला दिसायचा, आमटीचं मीठ बोटांना पाठ होतं.

या सॅलडला मात्र तडतडणं नाही की रंग बदलणं नाही. कंपनीतल्या कीर्ती मॅडमनी तिला ते शिकवलं होतं, तेव्हा दोनदा बजावलं होतं: रस आज अर्धा घालायचा, उद्या अर्धा, आणि दोन्ही वेळा चाखायचं.

सुलूने सिमला मिरची चिरली, काकडीच्या बिया काढल्या, चिरलेला कांदा गार पाण्यात टाकला. उकडलेले काबुली चणे निथळले, ऑलिव्हच्या चकत्या केल्या, चीजचे तुकडे केले. लसूण ठेचून वाडग्यात घेतला. मग शेगडीशेजारच्या फळीवरची ऑलिव्ह तेलाची बाटली उचलून झाकण फिरवलं.

"ताई," भांडी पुसत असलेली दीपाली म्हणाली, "त्ये तेल खवट हाय."

सुलूचा हात थांबला. तिने बाटली नाकाशी नेली, सवयीने. "कुठं? बरं हाय की."

दीपाली जवळ आली, बाटली हातात घेऊन तिने एकदा वास घेतला आणि ती ओट्यावर ठेवली. "मी उभी व्हते तिथवर आला वास. तुमाला नाय येत?"

बाहेर उद्याच्या कामासाठी पाइपवाल्यांचं हिंदीत काही मोजणं चाललं होतं, ते सुलू ऐकत राहिली.

"त्या दिवशी भात लागला," दीपाली हळू म्हणाली, "मी मागच्या मोरीवर व्हते. मला तिथं आला वास. तुमी शेगडीजवळ उभ्या व्हत्या. मला वाटलं, कसल्या विचारात असाल."

"श्रावणापासून नाय येत," सुलू म्हणाली. पहिल्यांदाच ते तोंडाबाहेर पडलं होतं, आणि वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. "कुणाला बोलू नको."

दीपालीने मान हलवली, कपाटातून तेलाचा नवा डबा काढला आणि हात धुऊन वाडग्यापाशी उभी राहिली. "सांगा, काय करू."

सुलूने तेल, व्हिनेगर, मिरपूड, मीठ आणि वाळलेला ओरेगानो घालून रस फेटला. चमच्याच्या टोकाने दीपालीच्या तळव्यावर थेंब टाकला. "आंबट किती?"

दीपालीने आयुष्यात असलं काही चाखलं नव्हतं. तिने डोळे मिटले. "चिंचेवानी नाय. करवंद असतं ना, लाल झालेलं पण काळं नाय, तसं."

"मग कमी हाय. हिरव्या करवंदासारखं लागाया हवं. पास्ता पितो." सुलूने आणखी एक चमचा व्हिनेगर घातलं. "आता?"

"आता दात आंबले."

"बास."

भाज्या, चणे, चीज परातीतल्या पास्त्यात घालून अर्धा रस कालवला, अर्धा बरणीत भरला आणि दोन्ही फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा परात काढली तेव्हा दीपालीने एक फिरकी तोंडात टाकली आणि चकित होऊन म्हणाली, "कालचं आंबट कुठं गेलं?"

"प्यालं त्यांनी." सुलू हसली. उरलेला रस, टोमॅटो, कोवळी इटालियन तुळस घालून दोघींनी ते पुन्हा सारखं केलं. चव दीपाली सांगत होती, किती घालायचं ते सुलू ठरवत होती.

दुपारी वाडगे रिकामे होऊन खाली आले. मागोमाग ललित आला. त्याचा चेहरा सैल झाला होता. "दोनदा घेतलं सगळ्यांनी. सुलूताई, तुमचा हात परत आला."

एवढ्यावर थांबता आलं असतं. दीपाली नळाखाली वाडगा धरून पाठमोरी उभी होती, ती वळली नाही.

"हात माझाच हाय," सुलू म्हणाली, "चव हिनं सांगितली. मला वास येत नाय, ललितभाऊ. पुलाव त्याच्यामुळं करपला."

ललित स्टुलावर बसला. "कधीपासून?" तिने सांगितलं. "हे कशाला सांगितलंत मला?"

"पुढचा पुलाव पण मीच करणार व्हते म्हणून."

त्याने विचाराला दोन दिवस घेतले. बाहेरचे डबे आले नाहीत. सोमवारी त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे नवा कागद चिकटवला. स्वयंपाक: दीपाली. मदत: सुलू. पावसाळ्यात दीपाली गावी गेल्यावर काय, ते त्यावर नव्हतं.

दीपालीने पहिल्या दिवशी डाळीचं पातेलं चढवलं आणि सवयीने मोरीकडे वळून म्हणाली, "राहू द्या ताई, ती कढई मी घासते."

"तू ढवळ," सुलू म्हणाली. "डाळ खदखदते, ती थांबली की तळाला धरते. कान ठेव."

मग तिने पदर खोचला, कढई आपल्याकडे ओढली आणि नळ सोडला, अगदी बारीक, डाळीचा आवाज ऐकू येईल इतका.