घाटात थांबलेले प्रवासी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, हे माझ्याकडे नुसते बघूनही कळेल. पण माझ्या डोक्याच्या पत्र्यावर बारीक बारीक पोचे आहेत, ते कशाचे हे अजून कुणालाही ओळखता आलेले नाही. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "कुणीतरी रागाच्या भरात हातोडी मारलेली दिसते." तसे काही नाही. त्या घंटेच्या खुणा आहेत. घंटा माझ्या डोक्यावर का वाजत असे, ते सांगण्यासाठीच आज हा प्रपंच.

माझी पहिली नोकरी एका दातांच्या डॉक्टरांकडे होती. भिंतीपलीकडे सतत घरघर चाले आणि माणसे 'आ' करत. मी फक्त कुणाची वेळ कधी आहे एवढेच सांगायचो. त्या डॉक्टरांनी नवा संगणक घेतला आणि मी कपाटाच्या वर गेलो. तेवढ्यात एक उंच, शिस्तीचे गृहस्थ दाढ काढून घ्यायला आले. दाढ तिथे ठेवून ते मला घेऊन घरी गेले. घरी त्यांची लेक त्यांना बाबा म्हणत असे, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो.

बाबा बसचालक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आई त्यांच्याच आगारात कंडक्टर होती. दोघांची ओळख झाली ती एकाच गाडीत आणि भांडणे झाली तीही त्याच गाडीत. निवृत्तीनंतर बाबांचे हात काही स्वस्थ बसेनात. सोफ्यावर बसले की डावा हात आपोआप गियर शोधायचा आणि आईच्या गुडघ्यावर पडायचा. "दुसरा टाका आता," आई म्हणायची, "चढ आलाय."

लेक दुसऱ्या गावी नोकरी करत होती. तिने सुट्टीत येऊन माझ्यात बस चालवण्याचा खेळ घातला आणि टेबलाला घट्ट बसणारे खोटे स्टिअरिंग आणून दिले. त्या दिवसापासून मी नोकरीवर पुन्हा रुजू झालो. हा खेळ लोक कसा खेळतात ते मला ठाऊक नाही. बाबा तो बूट घालून खेळत. लाल दिव्याला थांबत. रस्ता रिकामा असला तरी थांबत. एखादी म्हातारी थांब्याकडे धावताना दिसली की ती चढेपर्यंत गाडी उभी. खेळ त्यांना उशिराबद्दल दंडाचे गुण द्यायचा. बाबा चष्म्यावरून पडद्याकडे बघत म्हणायचे, "हे ज्यानं बनवलंय ना, तो जन्मात कधी बसमध्ये बसलेला नाही."

आणि घंटेशिवाय गाडी हलत नसे. आई शेजारी मटार सोलत बसायची. मी स्टुलावर, तिच्या हाताशी. तिकिटाला भोक पाडायचा तिचा जुना लोखंडी चिमटा तिने जपून ठेवला होता. सगळे प्रवासी चढले की ती तो माझ्या डोक्यावर दोनदा आपटायची. टण, टण. म्हणजे निघा. एकदा टण, म्हणजे थांबा. एकदा तिला डुलकी लागली, तर बाबा गाडी तशीच उभी करून बसले. "अहो, चला की," ती जागी होऊन म्हणाली. "घंटा कुठाय?" बाबा म्हणाले.

आता एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी. चित्रे काढण्यात मी कच्चा. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण गर्दी किंवा झाडी आली की माझ्या नाकी नऊ यायचे. चित्र अडकायचे, मग एकदम उडी मारून पुढे जायचे. बाबांनी माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही. "आज धुकं फार आहे," असे म्हणून ते वेग कमी करायचे आणि स्टिअरिंग आहे तसे स्थिर धरून ठेवायचे.

हे लेकीला कळले तेव्हा तिने बाबांच्या वाढदिवसाला एक ग्राफिक्स कार्ड पाठवले. हा भाग फक्त चित्रे काढतो आणि बाकीच्यांचा भार हलका करतो. बाबांनी हात धुतले, चष्मा पुसला, सोबतचा कागद दोनदा वाचला आणि कार्ड स्वतः बसवले. बसवले अगदी चोख. बाबांचा हात तसा नव्या वस्तूवर हळुवार पडे. त्यांच्या घरात रिमोट पिशवीत राही, मिक्सर झग्यात राही आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरचा पातळ कागद अजून निघालेला नव्हता. काम संपल्यावर त्यांनी माझ्या मागच्या सगळ्या वायरी नेहमीच्या जागी लावल्या आणि लेकीला फोन केला. "काय फरक पडलाय गं! रस्ता कसा आरशासारखा दिसतोय."

खरे सांगायचे तर मला फरक जाणवला नाही. माझा प्रोसेसर पूर्वीसारखाच सगळी कामे एकटा उपसत होता आणि नवे कार्ड जावईबापूंसारखे मधोमध पंखा हलवत बसले होते. पण मला तोंड नाही, फक्त पडदा आहे. कुणी विचारल्याशिवाय त्यावर काही उमटत नाही.

मग एका दुपारी बाबांनी खेळातला सर्वांत लांबचा रस्ता घेतला. घाट, बोगदा आणि शेवटी तळ्याकाठचे गाव. घाटाच्या मध्यावर विसावा होता. तिथे त्यांनी गाडी उभी केली, हातब्रेक ओढला आणि म्हणाले, "चहा टाकतो. तूही घे." ते स्वयंपाकघरात गेले. ते परत आले नाहीत.

त्यानंतर घरात खूप माणसे येऊन गेली. मला कुणीतरी बंद केले. माझ्यावर एक चादर आली.

मित्रांनो, चादरीखाली फारसे काही कळत नाही. आवाज तेवढे येतात. लेक राहायला आली होती. दोघी कमी बोलत. आणि मग एकदा आई म्हणाली,

"ती माणसं अजून तिथेच बसली असतील."

"कोण माणसं?"

"गाडीतली. विसाव्यावर. पिंजरा घेतलेली बाई आहे, हिरव्या छत्रीचा माणूस आहे. त्यांना कुणी काही सांगितलंसुद्धा नसेल."

"आई, खेळ आहे गं तो."

"ठाऊक आहे मला खेळ आहे ते. तुझ्या बाबांनी सबंध नोकरीत कधी प्रवासी अर्ध्या रस्त्यात सोडले नाहीत, एवढंच म्हणतेय मी."

थोड्या वेळाने चादर निघाली.

विसाव्याची जागा खेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे गाडी बाबांनी ठेवली होती तिथेच होती. लेकीने स्टिअरिंग धरले, आईने घंटा दिली आणि गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर पडताच समोर सगळे झाडांचे रान आले. माझे चित्र अडकले. सुटले तेव्हा गाडी दरीत होती.

"पाडलीस?" आई म्हणाली.

"मी नाही पाडली. चित्र अडकलं."

खेळाने एक गुण कापला आणि गाडी पुन्हा विसाव्यावर आणून ठेवली. "सगळी माणसं दरीत गेली आणि एक गुण?" आईला हे पटेना. "आमच्याकडे चौकशी बसली असती."

पुन्हा निघाल्या, पुन्हा दरी. लेकीने वेग कमी करून पाहिला, स्टिअरिंग स्थिर धरून पाहिले. बाबांचा हात वेगळा होता. शेवटी आई म्हणाली, "आता पुरे. पिंजऱ्यातल्या पाखराचा तरी विचार कर."

म्हणून दुसऱ्या दिवशी टॅक्सीच्या मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर बसून, मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझे झाकण उघडले आणि डॉक्टर करतात तसे 'हं' केले.

"खेळासाठी हवाय ना? मग प्रोसेसर बदलू या. पण नवा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसणार नाही, तर तोही बदलू. मग ही मेमरी त्याला चालणार नाही. हार्ड डिस्क तर म्हातारी झालीय. एवढं सगळं ओढायला वीजपुरवठ्याचा डबाही मोठा लागेल."

"मग जुनं काय उरलं?" आईने विचारले.

"बाहेरचा पत्रा," दुकानदार म्हणाला. "पण खरं सांगू का काकू, तो पोचलाय. नवीनच न्या. हा इथेच ठेवून जा."

माझी काय अवस्था झाली असेल, मित्रांनो, तुम्हीच विचार करा. त्याच्या मागे मांडणीवर माझ्यासारखे किती तरी पत्रे उघडेवाघडे पडले होते.

"नव्यावर हा खेळ इथूनच पुढे चालू होईल?" लेकीने विचारले. "जिथे थांबलाय तिथून?"

"खेळ फार जुना आहे हो. हमी नाही देता येणार. पण याच्यापेक्षा भारी खेळ निघालेत आता. विमानाचे आहेत."

"विमानात कंडक्टर नसतो," आई म्हणाली आणि तिने मला उचलायला हात पुढे केले. "आगारात गाडी कुरकुरायला लागली की आधी कोण कुरकुरतंय ते शोधतात. अख्खी गाडी भंगारात नाही काढत."

दुकानदार माणूस वाईट नव्हता. तो हसला आणि त्याने लेकीला युक्ती सांगितली. "घरी खेळ चालू ठेवा आणि बाजूला ही खिडकी उघडून बघा. आतला कुठला भाग किती राबतोय ते दिसेल. जो पार थकलाय तो बाकीच्यांना अडवतोय. तेवढाच बदला."

घरी आल्यावर लेकीने माझ्यामागे हात घालून सगळ्या वायरी न बघताच होत्या तिथे खोचल्या आणि मला प्रथमच विचारले की तुझ्यात कोण किती काम करतो. विचारल्यावर मी कशाला लपवू? प्रोसेसरची रेघ छताला टेकलेली होती. मेमरी अर्धी भरली होती. आणि कार्डाची रेघ तळाशी आडवी, हलायचे नाव नाही.

लेक बराच वेळ त्या आडव्या रेघेकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"कार्ड मेलंय, आई. मी दिलेलं."

"असं कसं मरेल? त्यांनी केवढं जपलं त्याला."

"बदलावं लागणार. बाकी काही बदलायची गरज नाही, पण ते बदलावं लागणार." तिचा आवाज कोरडा होता. मला वाटते, बाबांच्या हाताने बसवलेले काही काढायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच येत होती.

तिने मला बंद केले, फिरवून माझी पाठ उजेडाकडे केली आणि स्क्रू काढायला वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली.

"आई, इकडे ये."

कार्डाच्या मागच्या बाजूला वायर लावायची तोंडे असतात. कारखान्यातून येताना धूळ जाऊ नये म्हणून त्यांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या घालतात. त्या सगळ्या टोप्या जागच्या जागी होत्या. पुसलेल्यासुद्धा होत्या. आणि पडद्याची वायर खाली, माझ्या जुन्याच भोकात, दाताच्या दवाखान्यापासून होती तिथेच.

"बाबांनी टोप्या काढल्याच नाहीत," लेक म्हणाली. "पडदा कार्डाला जोडलाच नाही. इतकी वर्षं ते नुसतं आत बसून आहे."

आईने चष्मा वर करून नीट पाहिले. "टोप्या कशाला काढतील? नवीन होतं ना."

लेकीला हसू आले. आधी नाकातून, मग पोट धरून. आईही हसायला लागली आणि हसता हसता चिमटा तिच्या हातातून खाली पडला. घड्याळाच्या काचेवरचा कागद, पिशवीतला रिमोट, झग्यातला मिक्सर, एकेकाकडे बोट करून दोघी पुन्हा हसत. मग लेक जमिनीवरच बसली आणि तिने डोळे पुसले.

"मला म्हणाले होते, रस्ता आरशासारखा दिसतोय. खोटं बोलले?"

"छे गं," आई म्हणाली. "तू पाठवलं होतंस ना. त्यांना खरंच तसा दिसला असेल."

लेकीने एक टोपी काढली, वायर उपसली आणि कार्डाला लावली. एवढेच. एकही नवा भाग आला नाही, एकही जुना गेला नाही. जावईबापू मात्र खडबडून उठले. कितीतरी वर्षांची झोप झालेली, त्यामुळे काम करताना दिसत होते तरतरीत.

टण, टण.

गाडी निघाली. बोगदा आला, बोगदा गेला. झाडांचे रान आले आणि त्यातले पान न् पान मी काढून दाखवले. रस्त्याच्या कडेला पांढरी फुले होती, ती आजवर कुणी पाहिलीच नव्हती. हिरव्या छत्रीचा माणूस झोपला होता. पिंजऱ्यात पोपट होता.

"धुकं गेलं," आई म्हणाली.

लेक लाल दिव्याला थांबली. रस्ता रिकामा होता, तरी थांबली. एका धावणाऱ्या म्हातारीसाठी तिने गाडी रोखली आणि दंडाचे गुण घेतले. तळ्याकाठच्या गावात शिरताना आईने चिमटा उचलला आणि एकदाच आपटला. गाडी थांबली, दार उघडले. पिंजऱ्याची बाई उतरली. छत्रीवाला उठला, उतरला. आई एकेकाकडे बघत होती. शेवटचा माणूस दिसेनासा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पोचली हो सगळी." ती हे मला म्हणाली नाही, लेकीलाही नाही.

मग तिने स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा टाकला. आणि घेऊन परत आली.

तर मित्रांनो, घरातले जुने यंत्र अडखळू लागले की त्याला लगेच भंगारात काढू नका. आधी विचारा, कोण थकलाय, कोण नुसता बसलाय आणि कुणाला कुणी जोडलेलेच नाही. आम्हाला पुसा, पण वापराही. कुणी प्रेमाने काही दिले तर त्याची टोपी काढायला विसरू नका. आमच्या घरात आता घड्याळाच्या काचेवरचा कागद निघाला आहे. रिमोट मात्र पिशवीतच आहे, त्यावर दोघींचे एकमत होत नाही.

लेक सुट्टीला आली की रोज दुपारी एक फेरी होते. माझी तक्रार काहीच नाही. फक्त आईला कुणीतरी सांगा, घंटा जरा हळू द्या. पत्रा जुना आहे. किंवा राहू द्या, सांगू नका.