थोटकांचा डबा

मी सिगारेटचा एक जुना, गोल, पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, रंग उडाला तरी माझे झाकण अजून घट्ट बसते, याचा मला अभिमान आहे.

साठच्या दशकात तारापूरच्या वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. तिथले फिटर नागोराव परभणीकडचे. जवळच्या सरावली गावात एका खोलीत पत्नी मैनाबाईंसोबत राहत. बांधकामाच्या उंच परांचीवर चढण्यापूर्वी ते सिगारेट विझवत आणि उरलेले थोटूक माझ्यात जपून ठेवत. "बिडीनं छाती जळती. ही सायबाची चीज हाय," असे ऐटीत सांगत. पण हळूहळू चढताना त्यांना धाप लागू लागली. मुकादमाने बजावले, "असंच चाललं तर तुला वर पाठवणार नाही." उंचावर काम करणे हाच तर नागोरावांचा तोरा! त्यांनी दोनदा सिगारेट सोडली, दोनदा पुन्हा धरली. सोडली की डोके दुखे, चिडचिड होई, हात आपोआप माझ्याकडे वळे.

यामागचे शास्त्र मला पुढे कळले. धुरातले डांबर फुप्फुसात साचते. त्यातला विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटिन मेंदूत पोचून क्षणभर बरे वाटायला लावते, मग मेंदू पुन्हा पुन्हा तेच मागतो.

त्या वर्षी दारातल्या वालाच्या वेलावर मावा पडला, बारीक किडीने पाने भरून गेली. मासवण गावाहून लाकडे विकायला येणारी नवसी म्हणाली, "बाय, तंबाकूचा पानी शिपड. मावा राहाचा नाय." मैनाबाईंनी माझ्यातली सगळी थोटके पाण्यात भिजवली आणि ते पाणी वेलावर शिंपडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागोरावांनी मला उघडले आणि ते कडाडले, "माजी थोटकं कुटं गेली?"

मैनाबाईंनी त्यांना वेलापाशी नेले. मावा मरून पडला होता. "तुमच्या थोटकांच्या पान्यानं मेला ह्यो. मंग तुमच्या छातीचं काय व्हत आसंल?"

तंबाखूचे झाड किडीला मारण्यासाठीच निकोटिन बनवते, मित्रांनो. नागोरावांनी एक पान उलटून मेलेला मावा पाहिला. मग म्हणाले, "आता बास."

ते सोपे नव्हते. तलफ आली की मला मुठीत आवळून ते वेलापाशी उभे राहत. थोडा दम धरला की ती ओसरे. पुढे वालाला शेंगा लागल्या, तेव्हा नागोराव न थांबता परांचीच्या टोकाला पोचले. मुकादम खाली सिगारेट ओढत बघत राहिला. मला फार आनंद झाला.

मैनाबाईंनी माझ्यात वालाचे बी भरले. म्हातारपणीही कधीतरी नागोरावांचा हात मला शोधे. ते झाकण उघडत, बी बघत आणि झाकण लावून कामाला लागत.

मित्रांनो, कुणी व्यसन सोडायला धडपडत असेल तर त्याला हसू नका. दोनदा हरलेला माणूस तिसऱ्यांदा जिंकताना मी पाहिला आहे. आणि माझ्यासारखा डबा हाती आलाच, तर त्यात बी ठेवा.