मगधाचं दान

नंदकुमार मास्तरांना लढाईची भारी हौस. पण घरात मंगलाबाईंपुढे ब्र काढायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीची लढाई निवडली. जाड खादीवर प्राचीन भारताचा पट रंगवला, सुताराकडून लाकडी हत्ती-घोडे करून घेतले. मगध, कोसल, अवंती. तीन राजे, कवड्या टाकून चाल करायची, आणि शेवटी एकच सम्राट.

साल होतं एकोणपन्नास. पेपर उघडावा तर कोणतं तरी संस्थान विलीन झालेलं. मास्तर चिडायचे, "तलवार न उपसता राज्य देतात! राजे आहेत की कोण?"

इतवारा पेठेतल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी खेळ मांडायचा ठरला. जळगावचे प्रकाशक वामनराव मुद्दाम आले होते. खेळ रंगला तर ते छापणार होते, त्यामुळे मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. मगध त्यांनी स्वतःकडे ठेवला. कोसल कापडवाल्या गिरधरशेठना दिला, अवंती खकनारच्या लोटू पाटलांना. लोटू पाटलांच्या केळीच्या बागा होत्या, त्यामुळे राज्य चालवायची त्यांना सवय होती.

फळ्यावर मास्तरांनी ठळक नियम लिहिला : ‘ज्याचे दान मोठे, तो विजयी.’

दान म्हणजे कवड्यांचं दान, हे सांगायची मास्तरांना गरजच वाटली नाही. गिरधरशेठ मात्र हिंदी शाळेत शिकलेले; त्यांच्या लेखी दान म्हणजे दानधर्म. त्यांनी नियम वाचला, कवड्यांना हातही न लावता उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तरजी, कोसलची काशी मी मगधला दान देतो."

सभेत टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाले, "अहो शेठ, तसं नाही—"

पण टाळ्या ऐकून लोटू पाटलांना कुठला दम निघतो! "काशी देऊन ऱ्हायले? मंग मी काय कमी हाय का? घ्या उज्जैन, हत्तींसगट!"

"तो पूरा कोसल ले लो!" गिरधरशेठ गरजले.

"मंग अवंती बी तुमची!"

दोघांनी सगळी फौज मास्तरांपुढे लोटली. कुणीतरी दोन्ही राजांच्या गळ्यात हार घातले. एकही घोडा न हलता मास्तर अख्ख्या भारताचे मालक झाले होते आणि त्यांना रडू येत होतं. वामनराव तर पोट धरून हसत होते.

"आता विजयी कोण?" वामनरावांनी विचारलं.

"मीच की," मास्तर कसेबसे म्हणाले.

मंगलाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो, फळ्यावर काय लिहिलंय तुम्हीच? तुम्ही तर कुणाला काहीच दिलं नाही. तुम्ही शेवटचे."

सभा खो खो हसली. मास्तरांनी कवड्या पटावर आपटल्या. "मग घ्या! मगध घ्या, सगळंच घ्या! मला काही नको!"

"पण देता कुणाला?" लोटू पाटील म्हणाले. "राजे तं सरले."

मास्तरांनी समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. "तुम्हालाच! सगळ्यांना!"

लोकांनी ते मनावर घेतलं. ज्याच्या हाती जो हत्ती लागला तो त्यानं उचलला.

वामनरावांनी डोळे पुसले. "मास्तर, छापतो. पण दान असंच ठेवायचं. कवड्या काढून टाका."

मास्तर रिकाम्या पटाकडे बघत राहिले. जिवापाड जपलेली लढाई होती ती. मग त्यांनी कवड्या गोळा करून खिशात टाकल्या.

"छापा," ते म्हणाले. तलवार मात्र त्यांनीही उपसली नाही.